राहूदेबाईंची झोप

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या चर्चमधले सगळे पाठीमागे 'राहूदेबाई' म्हणतात. पाठीमागे म्हणजे अगदी त्यांच्या मागच्या बाकावर बसून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. त्याला कारण त्यांचं सदाचं एकच वाक्य: "राहू दे, मी करते." तुम्ही ताट उचलायला वाकलात की राहू दे. खुर्ची सरकवायला गेलात की राहू दे. मी लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत झाडू हातात घेतला, तर त्यांनी तो असा काढून घेतला, जसा काही मी चोरून नेत होते. मी मुळात तोंडाची फटकळ. "घ्या, तुमचा झाडू तुम्हालाच लखलाभ," म्हणाले. त्या हसल्या. तेव्हापासून आमचं छान जमतं, म्हणजे त्या काम करतात आणि मी बोलते.

जाऊबाई सोफे आणि खुर्च्या मढवायच्या कारखान्यात शिवणकाम करतात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लाकडी सांगाडे उभे, दुसरीला फोमचे ढीग, मधे शिलाई मशिनं आणि पायांखाली कापडाचे तुकडे. जाड कापडाच्या चार पदरांतून सरळ शिवण काढणं हे काही खायचं काम नाही. सुई मोडते, बोटं सोलतात, खांदे भरून येतात. "यांच्या शिवणीवर बसून लोक म्हातारे झाले, पण शिवण उसवली नाही," असं मालक सांगतो, आणि मालक काही कौतुक फुकट वाटणारा माणूस नव्हे.

कारखान्याच्या समोरच आमचं घर. रस्ता ओलांडला की आलंच. खाली जाऊबाई आणि माझे थोरले दीर, वर आमचा संसार. दिरांना आम्ही दादा म्हणतो. दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. आडदांड देह, खर्जातला आवाज. गाणं म्हणायला लागले की चर्चच्या खिडक्यांच्या काचा हादरायच्या. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू कायमची गेली. जीभ जड झाली. एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागतो. विनोद मात्र डाव्या बाजूला राहत असावा, कारण तो शाबूत राहिला.

हॉस्पिटलातून घरी आणायच्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं जाऊबाईंचं मनगट धरलं आणि म्हणाले, "घरीच... ठेव." शहराबाहेरचं शुश्रूषागृह त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या सोबतचा एक ड्रायव्हर तिथे भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जाऊबाईंनी शब्द दिला. "घरीच. मी आहे ना." आणि त्या शब्दासाठी त्यांनी कंबर कसली ती कसलीच.

खुर्चीच्या बैठकीखाली जी जाड विणलेली पट्टी ताणून ठोकतात, तिचा त्यांनी एक पट्टा शिवला. तो दादांच्या कमरेला बांधायचा, दोन्ही बाजूंच्या मुठी धरायच्या आणि त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं. दादांच्या डाव्या हाताशी एक दोरी दिली. दोरी ओढली की खिडकीच्या गजांवर लाल फडकं वर चढतं. म्हणजे काहीतरी हवंय. कारखान्यात जाऊबाईंचं मशीन नेमकं खिडकीसमोर. एक डोळा सुईवर, एक डोळा रस्त्यापलीकडच्या लाल फडक्यावर. फडकं चढलं की त्या मशीन सोडून धावत, आणि कुशीवर वळवून, पाणी पाजून, उशी सारखी करून पुन्हा धावत परत.

हे किती दिवस चालणार? मी विचारायचे. माझा नवरा विचारायचा, तो तर दादांचा सख्खा भाऊ. "राहू दे, तुम्हाला जमायचं नाही." आमच्या चर्चमधल्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, दुपारभर दादांजवळ बसते म्हणाल्या. "राहू दे, तुमचेच गुडघे दुखतात." केस कापणारा एक आहे, त्याला आम्ही वस्तरा म्हणतो, तो दादांची दाढी करायला येतो म्हणाला. "राहू दे, माझा हात बसलाय." ज्याला त्याला राहू दे. एकदा मी चिडून म्हटलं, "जाऊबाई, येशू दारात येऊन उभा राहिला, तरी तुम्ही त्याला म्हणाल राहू दे, मी करते!"

"मी त्याच्याकडे आराम मागतच नाही," त्या म्हणाल्या. "शक्ती मागते. रोज मागते."

"आणि पुरते?"

"पुरवते," म्हणाल्या आणि दादांच्या चादरी पिळायला गेल्या.

डोळ्यांखाली काळं आलं होतं. शिवताना सुई बोटात जायची आणि त्यांना कळायचंसुद्धा नाही. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. रागावणं सोपं म्हणून मी रागवायचे.

व्हायचं ते एका सकाळी झालं. मी वर भांडी लावत होते, आणि खालून असा आवाज आला, जसं कपाटच पडलं. धावत गेले. दोघंही जमिनीवर. दादांचं डोकं जाऊबाईंच्या मांडीवर, पट्टा अजून त्यांच्या मुठीत, मनगट टम्म फुगलेलं. उचलता उचलता त्यांना उभ्या उभ्या झोप लागली होती! डोळे मिटले, मूठ सुटली, पुन्हा धरायला गेल्या तोवर दोघं खाली. मला दारात बघून त्या काय म्हणाल्या असतील? "राहू दे. उठवते मी."

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या नवऱ्यानं येऊन दादांना उचललं.

दर महिन्याला घरी तपासायला एक नर्सबाई येतात. रबरी तळव्यांचे बूट, आवाज न करता चालणं आणि सगळं बघणं. त्यांनी दादांच्या कमरेवरचा निळा डाग बघितला, मग जाऊबाईंचं मनगट बघितलं, मग स्टूल ओढून बसल्या.

"हे पुन्हा पडले तर मला यांना शुश्रूषागृहात पाठवावं लागेल," त्या म्हणाल्या.

"माझ्या सेवेत काय कमी आहे?" जाऊबाईंचा आवाज चढला. "पाठीला एक जखम दाखवा. एक!"

"काहीच कमी नाही. तुम्ही वाईट करता म्हणून नाही म्हणत. एकट्या करता म्हणून म्हणतेय. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा यांना कोण कसं उचलतं ते मला दाखवायचं."

दादा भिंतीकडे बघत होते. त्यांच्या डाव्या हातानं दोरी गच्च धरली होती, पण ओढली नाही.

दुसऱ्या कोणी यातून धडा घेतला असता. जाऊबाईंनी दात-ओठ खाऊन काम वाढवलं. मनगटाला फडकं गुंडाळलं, पट्ट्याच्या मुठींना आणखी एक शिवण मारली आणि पहाटे आणखी लवकर उठायला लागल्या. नर्सबाईंना दाखवतेच, म्हणाल्या. त्यांची जिद्द म्हणजे आधीच ताणलेल्या दोरीला आणखी एक पीळ. आता तुटणार कधी एवढंच आम्ही बघत होतो.

इथे आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. फार पूर्वी एका पाळकांनी घाईघाईत उपासनेचा शेवटचा आशीर्वाद देऊन टाकला, तेव्हा एक म्हातारी अजून गुडघ्यांवर होती. ती उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं देवाशी बोलणं चालू होतं, आणि तुम्ही मधेच दार लावलंत." पाळक ओशाळले. तेव्हापासून नियम पडला: शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणी उठायचं नाही, आशीर्वादही द्यायचा नाही. एरवी त्याचा त्रास होत नाही, कारण सगळ्यांनाच घरी जायची घाई असते. गुडघ्यांखाली घ्यायच्या उशा जाऊबाईंनीच शिवल्यात, कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांच्या, एक हिरवी तर एक तांबडी. पण स्वतः त्या कधी त्यांवर टेकल्या नाहीत. दादांना एकटं ठेवून यायच्या, दाराशी एक पाय बाहेर ठेवून उभ्या राहायच्या आणि आशीर्वादाआधीच पळायच्या.

त्या रविवारी माझ्या नवऱ्यानं सकाळीच दादांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं.

"तुम्ही जा वहिनी. मी आज इथेच."

"राहू दे, मी..."

"तो माझा भाऊ आहे," नवरा म्हणाला. तसा तो गायच. पण त्या दिवशी त्यानं शिंगं उगारली. "लहानपणी त्यानं मला खांद्यावरून फिरवलंय. तुम्ही मला त्याला एक ग्लास पाणीही देऊ देत नाही."

जाऊबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मी ती संधी साधली, त्यांचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत नेलं. त्या दिवशी पळायला निमित्त नव्हतं, म्हणून दुसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. अंग असं ताठ, जसं कोणी त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसवलंय. शेवटची प्रार्थना आली. सगळ्यांनी उशा ओढल्या. जाऊबाईंनीही ओढली, टेकल्या, पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवले, हातांवर कपाळ ठेवलं. ओठ हलताना मला दिसले. "शक्ती दे," एवढंच ऐकू आलं.

प्रार्थना संपली. 'आमेन' झालं. एकेक जण डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला. जाऊबाई गुडघ्यांवरच. थांबलो. माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी खाकरून पाहिलं. मास्तरीणबाईंचे गुडघे कुरकुरले. जाऊबाई हलेनात. मंडळी भारावून गेली. इतकी वर्षं एक पाय दाराबाहेर ठेवणारी बाई आज देवाशी इतकं खोल बोलतेय! मागे एक बाई डोळे टिपायला लागली. वस्तरा एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेत होता, पण चेहऱ्यावर भक्तिभाव. मलाही गलबलून आलं.

आणि मग जाऊबाई घोरल्या.

हळू नाही. कारखान्यातलं मशीन जाड कापडावर अडखळतं, तसा आवाज. एकदा, मग पुन्हा.

हसू दाबताना चर्चभर खांदे हलले. मी जाऊबाईंना ढोसायला कोपर उचललं, तर पाळकसाहेबांनी लांबूनच बोट हलवून नको म्हटलं. ते उतरून आले आणि माझ्या कानाशी वाकले. "किती दिवसांची झोप राहिलीय यांची?"

"दिवसांची नाही, वर्षांची," मी म्हटलं.

ते सरळ उभे राहिले आणि दबक्या आवाजात मंडळीला म्हणाले, "उपासना संपलेली नाही. आपली एक बहीण अजून गुडघ्यांवर आहे. कोणाला जेवायला जायचं तर जा, काही काम असेल तर उरका, पण आशीर्वादाला परत या."

मी आणि मास्तरीणबाईंनी धरून त्यांना अलगद खाली घेतलं. सगळ्या उशा ओळीनं मांडल्या आणि त्यांवर त्यांना आडवं केलं. डोळासुद्धा किलकिला झाला नाही. शिंपीकाका कुजबुजले, "पाळकसाहेब, आता त्या गुडघ्यांवर कुठायत? आडव्या झाल्यात की." पाळकसाहेब म्हणाले, "टेकलेलेच धरा." मास्तरीणबाईंनी आपला कोट त्यांच्या अंगावर घातला, वस्तऱ्याला खूण केली आणि दोघं आमच्या घराकडे गेले. मी तिथेच बाकावर बसून राहिले. खिडकीतलं ऊन आधी पुढच्या बाकावर होतं, मग जमिनीवर आलं, मग जाऊबाईंच्या पायांशी. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मी, जिची जीभ कधी टाळूला लागत नाही, ती मी सबंध दुपार गप्प बसले. प्रार्थनाही केली. "हिला उठवू नकोस," एवढीच.

ऊन कलल्यावर त्यांना जाग आली. छताकडे बघितलं, कोट बघितला, मला बघितलं आणि ताडकन उठून बसल्या.

"ते! त्यांची कूस!"

"बदलली."

"जेवण?"

"झालं. मास्तरीणबाईंनी भरवलं. वस्तऱ्यानं दाढी केली."

तोवर माणसं परत येऊन बाकांवर बसत होती. जाऊबाईंना काय घडलंय ते हळूहळू उमगलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मी प्रार्थनेत झोपले? घोरले?"

"तारसप्तकात," शिंपीकाका म्हणाले.

कोणी हसलं नाही, कारण जाऊबाई रडायला लागल्या. रागाचं रडणं होतं ते. "मी शक्ती मागत होते," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, जसं काही त्यांनीच चुकीचा माल पाठवला. "शक्ती मागितली, आणि त्यानं मला झोपवलं! मला झोप परवडत नाही. माझा महिना संपत आलाय. नर्सबाई यांना घेऊन जातील."

पाळकसाहेब त्यांच्यासमोर पायरीवर बसले. "बाई, थकलेल्यांनी माझ्याकडे या, असं तो म्हणाला. आल्यावर आणखी ओझं देतो असं नाही म्हणाला. आणि तो स्वतःही झोपलाच की. नावेत, भर वादळात, उशीवर डोकं ठेवून."

जाऊबाईंनी नाक पुसलं आणि फाडकन म्हणाल्या, "तो झोपला हो! पण नाव कोण सांभाळत होतं? शिष्यच ना? सगळेच उशा घेऊन झोपले असते तर बुडालीच असती!"

पाळकसाहेब हळूहळू हसायला लागले.

"अगदी बरोबर. नाव दुसऱ्यांच्या हातात होती, म्हणून तो झोपला. ते घाबरट होते, विश्वासात कच्चे होते, ओरडून ओरडून त्यांनी त्याला उठवलं. तरी त्यांच्या हातात वल्हं देऊन तो झोपला होता. देवाच्या पुत्राला त्यात कमीपणा वाटला नाही. तुम्हाला का वाटतो?"

उत्तर त्यांचंच होतं, आणि ते त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. बाजूच्या बाकावर मास्तरीणबाई दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊबाईंनी बघितलं. मग माझ्याकडे. मग खाली उशांच्या ओळीकडे. पाळकसाहेब उठले आणि त्यांनी सकाळचा राहिलेला आशीर्वाद दिला. जाऊबाईंनी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.

घरी आल्यावर बघतो तर दादा खिडकीशी पलंगावर टेकून बसलेले. दाढी गुळगुळीत, पण मिशी एका बाजूला आखूड झाली होती. जाऊबाईंनी दारातूनच चुका काढल्या: उशी उलटी आहे, पाय लटकताहेत, ही काय मिशी केलीय! दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"झोप... झाली?"

"झाली."

"घोरलीस?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी," दादा म्हणाले, आणि तोंडाची डावी बाजू हसली. मग हसू गेलं. त्यांनी जाऊबाईंचं सुजलेलं मनगट धरलं. "मी... दमलो."

"तुम्ही? पडून पडून?"

"तुला... बघून." बराच वेळ शब्द सापडेना. आम्ही थांबलो. "तू पडलीस... तर मी... कुठे?"

जाऊबाई पलंगाच्या काठावर बसल्या, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडल्या. ते रडणं रागाचं नव्हतं. मी चहा ठेवायला गेले, आणि त्यांनी "राहू दे" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यातून पट्टी मागून घेऊन आल्या. नवा पट्टा शिवला. जुन्यापेक्षा रुंद, चार मुठींचा, दोघांनी धरायचा. मग आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं, मला, माझ्या नवऱ्याला, मास्तरीणबाईंना, वस्तऱ्याला.

"पाळकसाहेब म्हणतात, वल्ही वाटा," त्या म्हणाल्या. "वाटते. पण वल्हवायला शिकावं लागेल. मला धसमुसळेपणा चालणार नाही."

अहाहा, काय ती शिकवणी! हवालदार परवडला. माझ्या नवऱ्याला रोगी करून पलंगावर निजवलं आणि पट्टा बांधून आम्हाला त्याला उचलायला लावलं. "पाठ नाही वाकवायची, गुडघे वाकवायचे!" वस्तरा म्हणाला, "गुडघ्यांची सवय झालीय आता मंडळीला." दादा खुर्चीतून हसता हसता खोकले. मास्तरीणबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या, "पुन्हा करा" ऐकून निमूटपणे पुन्हा करत होत्या. उशी कुठे, कूस कुठली, पाणी किती, सगळं घोटून घेतलं. काम वाटून देणं हे काम करण्यापेक्षा अवघड असतं, हे मला त्यांच्या कपाळावरच्या घामावरून कळलं. कोणी चुकलं की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि त्या तो दुसऱ्या हातानं धरून मागे न्यायच्या.

एका दुपारी मी कारखान्यात डबा द्यायला गेले. त्या शिवत होत्या, दोन्ही डोळे सुईवर. पलीकडे दादांजवळ मास्तरीणबाई होत्या.

"मला वाटायचं, मी झोपले की देवही झोपेल," त्या मान वर न करता म्हणाल्या. "म्हणजे जागं कोणीतरी राहायलाच हवं, आणि ते मीच."

"म्हणजे देवाची रात्रपाळीसुद्धा तुम्हीच करत होतात म्हणा की."

"हसू नकोस गं." पण त्या स्वतःच हसल्या. मग मशीन थांबवलं. "त्या दिवशी जाग आली ना, तेव्हा पहिल्या क्षणी मला काहीच आठवलं नाही. हेही नाहीत, काम नाही. नुसतं वाटलं, कोणीतरी आपल्याला धरलंय. मग घाबरले. पण तो क्षण गेला नाही माझ्यातून. इतकी वर्षं त्याच्या दारात उभी राहिले, आणि आत जाऊन पडले ती झोपेत." त्यांनी दोरा तोडला. "आता शुद्धीत जायचं ठरवलंय. जमत नाही. पण ठरवलंय."

आणि जाऊबाईंनी ठरवलं की ठरवलं. आम्ही दिवस वाटून घेतले. रविवार सबंध त्यांचा. पहिल्या रविवारी त्या वाटेतूनच परत फिरल्या, पाण्याचा पेला उजवीकडे ठेवलाय म्हणून. पुढच्या वेळी अर्ध्या प्रार्थनेतून. मी दोन्ही वेळा त्यांना मागे वळवलं. त्या माझ्याशी भांडल्या, पण आल्या.

नर्सबाई ठरल्याप्रमाणे आल्या. माझ्या नवऱ्यानं आणि मास्तरीणबाईंनी चार मुठी धरल्या, गुडघे वाकवले आणि दादांना असं अलगद खुर्चीत ठेवलं, की नर्सबाईंच्या भुवया वर गेल्या. जाऊबाई भिंतीशी उभ्या होत्या. हात बांधलेले, बोटं दंडात रुतलेली.

"आणि तुम्ही?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी बघतेय."

"रविवारी यांच्याजवळ कोण असतं?"

"भाऊजी, नाहीतर केस कापणारे. रविवारी मी नाही," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना ते वाक्य उच्चारायला किती जड गेलं ते आम्हा घरच्यांनाच माहीत.

नर्सबाईंनी दादांच्या कमरेवरचा डाग बघितला. पार फिका झाला होता. "मग हे घरीच राहतील," त्या म्हणाल्या. दादांनी डाव्या हातानं दोरी ओढली आणि लाल फडकं झेंड्यासारखं वर चढवलं. काही नको होतं त्यांना. नुसतंच.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. आम्ही दोघी घरातून निघालो आणि कारखान्याच्या दारापर्यंत आलो असू, तोच जाऊबाईंनी मागे वळून बघितलं. खिडकीत फडकं वर जात होतं. त्या जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांचं वळण. पाऊल आपसूक तिकडे वळलं, आणि माझा हात त्यांनी असा धरला की नखं रुतली.

मी या खेपेला ओढलं नाही. बोललेही नाही.

"आत माणूस आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आत माणूस आहे आणि वर तो आहे. चल."

आम्ही चर्चला गेलो. मागे न बघता, कोपऱ्यावर वळलो तेव्हाही नाही. शेवटच्या प्रार्थनेला त्यांनी हिरवी उशी ओढली, गुडघे टेकले आणि हातांवर कपाळ ठेवलं. माझ्या मागे शिंपीकाकांनी जादाची एक उशी घेतल्याचं मला ऐकू आलं. मग मीही माझी नीट सारखी केली आणि ऐसपैस टेकले. घोरल्या तर घोरल्या. आम्हाला कुठे जायचं होतं?